इंग्रजीचं गमभन : एवढ्या सहाच अक्षरांत बसणारे शब्द हवेत

खडूफळा

मंडळी, एक अडचण घेऊन आले आहे. मी जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेवर आहे. पहिली-दुसरी माझ्याकडे. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, पण आमच्या पोरांच्या घरात इंग्रजी छापलेलं काय सापडतं? बिस्किटाचा पुडा आणि गोळ्यांची पट्टी. ए टू झेड सगळी घडाघडा म्हणतात. फळ्यावर एस, ए, टी लिहिलं की एका सुरात 'एस-ए-टी' ओरडतात. 'सॅट' कुणी म्हणत नाही.

म्हणून यंदा क्रम मोडायचा ठरवलं. इंग्लंडच्या सरकारी शाळांसाठी २००७ साली 'लेटर्स अँड साउंड्स' नावाची पुस्तिका निघाली होती. तिच्यात आधी एस, ए, टी, पी येतात आणि मग आय, एन, एम, डी. यातल्या पहिल्या सहांना शिक्षक मंडळी 'सॅटपिन' म्हणतात. अक्षराचं नाव शिकवायचं नाही, आवाज शिकवायचा. हे वाचलं आणि मला हसूच आलं, कारण आपण पाटीवर कुठे क-ख-ग पासून सुरुवात केली होती? ग-म-भ-न गिरवलं. वळण सारखं, म्हणून हात बसतो, आणि चार अक्षरांत मग, मन, नभ, गगन, नमन, गमन, मनन एवढे शब्द पदरात पडतात. सॅटपिन म्हणजे इंग्रजीचं गमभनच की.

तर मला या सहा अक्षरांतले शब्द हवेत. सातवं अक्षर नको. माझ्या डोक्यातून निघालेले: सॅट, पॅट, टॅप, नॅप, पॅन, टॅन, पिन, टिन, सिट, पिट, टिप, सिप, अँट, स्नॅप, स्पिन, स्पिट, पँट. (निट पण निघाला, म्हणजे उवेची लीख. तो पोरांना सगळ्यात आधी पाठ होईल.) पुढे गाडी अडली. शब्दकोश घेऊन बसले तर पी संपेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. याला काही सोपी युक्ती आहे का?

टर्मिनलकर

ताई, शब्दकोश मिटवा. हे काम दोन सेकंदांचं आहे.

लिनक्सवर किंवा मॅकवर बहुधा 'वर्ड्स' नावाची फाइल आधीच पडलेली असते, एका ओळीला एक शब्द. तिच्यावर ग्रेप (नमुन्यात बसणाऱ्या ओळी शोधून देणारी आज्ञा) चालवायचं. नमुना असा लिहायचा: आधी ^, मग चौकोनी कंसात तुमची सहा अक्षरं, कंसामागे +, शेवटी $. टोपी म्हणजे शब्दाची सुरुवात, डॉलर म्हणजे शेवट. कंस म्हणजे 'यातलंच कुठलंही', अधिक म्हणजे 'एक किंवा कितीही वेळा'. ग्रेपला मोठी ई लावायला विसरू नका, नाहीतर ते + ला साधं अधिकचिन्ह समजेल आणि तुम्हाला रिकामा पडदा दिसेल. मी यात एकदा अर्धा तास घालवला आहे.

अवांतर: ग्रेप १९७३ पासून युनिक्समध्ये आहे, केन थॉम्पसनने लिहिलेलं. जुन्या 'ईडी' एडिटरमध्ये जी, तिरकी रेघ, नमुना, तिरकी रेघ, पी अशी आज्ञा द्यायचे. म्हणजे 'सगळीकडे शोध आणि छाप'. त्यावरूनच हे नाव पडलं.

पण आधी एक नक्की करा, तुम्हाला 'फक्त ही सहा' हवीत की 'ही सहाच्या सहा असलेले'? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात 'पिन' बसतो, 'पेंटिंग' बसत नाही, कारण त्यात जी आहे. दुसऱ्यात पेंटिंगला एस लावून अनेकवचन केलं की बसतं, आणि पिन बाद. लोक गुगलवर 'अमुक अक्षरं असलेले शब्द' एवढंच टाकतात आणि भलतीच यादी घेऊन येतात.

खडूफळा

फक्त ही सहा. एकाहून जास्त वेळा आली तरी चालतील.

दादा, शाळेचा लॅपटॉप विंडोजवाला आहे, आणि ती काळी खिडकी उघडली की मला वाटतं काहीतरी पुसलं जाणार. एक्सेल येतं मला, शालेय पोषण आहाराचा हिशोब त्यातच असतो.

रकानेवाली

मग एक्सेलमध्येच करा ना ताई. शोधत बसायचंच नाही, उलट पुसून टाकायचं.

पहिल्या रकान्यात शब्दांची यादी चिकटवा. 'एनेबल' नावाची मोफत यादी मिळते, १,७२,००० हून जास्त शब्द आहेत. दुसऱ्या रकान्यात सबस्टिट्यूट फॉर्म्युला: शब्दातला प्रत्येक एस काढून तिथे काहीच ठेवू नका. त्या फॉर्म्युल्याला पुन्हा सबस्टिट्यूटमध्ये घाला आणि ए काढा. असं सहा वेळा, कांद्याच्या पापुद्र्यांसारखं एकात एक. शेवटी लेनने लांबी मोजा. शून्य आली म्हणजे शब्दात या सहांखेरीज काही नव्हतंच. शून्यावर फिल्टर लावला की यादी हातात.

एक खोच आहे. सबस्टिट्यूटला कॅपिटल आणि स्मॉल वेगळं वाटतं. म्हणून आधी लोअर लावून सगळं लहान लिपीत आणा.

टर्मिनलकर

+१. पुसून उरतं का ते बघणं हे ग्रेपपेक्षा समजावायला सोपं आहे, मान्य.

मी गंमत म्हणून आत्ता चालवून बघितलं. 'असिस्टंट' अख्खा बसतो, नऊ अक्षरं. 'इन्स्टंट' बसतो. 'अँटिपास्ती' म्हणून इटालियन जेवणाआधीचं जे खातात तेही बसतं. पहिलीच्या पोरांना पुरेल बहुतेक. :)

मॅकवर करणाऱ्यांसाठी सूचना: तिथली यादी १९३४ च्या वेबस्टर कोशावरून घेतली आहे, कारण त्याचा कॉपीराइट संपला आहे. त्यामुळे आजोबांच्या काळातले शब्द ढिगाने मिळतात आणि रोजची साधी अनेकवचनं गायब असतात.

खडूफळा

जमलं!! रकानेवाली ताई, तुमचे आभार कसे मानू. पण ही यादी इंग्रजीची आहे की आमच्या वाड्याची? फिल्टर लावला आणि बघते तर नाना, पापा, पिता, ताई, अण्णा. सगळं घर ओटीवर येऊन बसलंय. आणि 'ए-एन-आय' पण आहे. आणि?

दुहेरी_शब्दगुण

हा धागा माझ्यासाठीच निघालाय. वीस वर्षं स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्या पटावर लावून शब्द करायचा खेळ) खेळतोय, ही सगळी मंडळी ओळखीची आहेत.

ताई म्हणजे मासा, जपानकडचा. अण्णा म्हणजे आपला आणा हो, रुपयाचा सोळावा भाग. आपण १९५७ ला दशमान पद्धत आणून तो मोडीत काढला, इंग्रजीने जपून ठेवलाय. नाना म्हणजे आजी (ऐकून आमचे नाना चिडले होते). पिता ही रोटी. आणि 'आणि' हा कोकिळेच्या कुळातला काळा पक्षी, अमेरिका खंडातला. उच्चारही जवळपास 'आनी'च करतात. मी पटावर तो लावला की बायको म्हणते, 'आणि काय? पुढे बोला.'

आमच्या खेळात तुमच्यापेक्षा एक अट जास्त असते, ताई. अक्षर किती वेळा वापरता येईल ते हातातल्या सोंगट्या ठरवतात. तुमच्या यादीतला 'पापा' मला दोन पी असतील तरच लागतो, आणि अख्ख्या पिशवीत पी दोनच आहेत. एस चारच. हा खेळ बसवणारे आल्फ्रेड बट्स पेशाने वास्तुविशारद. मंदीत काम गेलं तेव्हा वर्तमानपत्राच्या पानावरची अक्षरं मोजून कुठली सोंगटी किती ठेवायची ते त्यांनी ठरवलं. एस मात्र मुद्दाम कमी ठेवला, नाहीतर जो तो अनेकवचनं करत सुटेल.

शोधायची आमची रीत सांगतो, वर्गातही चालेल. शब्दातली अक्षरं ए-बी-सी-डीच्या क्रमाने लावायची. स्टॉप, पॉट्स, पोस्ट, स्पॉट, टॉप्स, ऑप्ट्स या सहाही शब्दांची लावणी एकच होते: ओ-पी-एस-टी. म्हणजे ते एकाच कुटुंबातले. कॉम्प्युटरही अशीच किल्ली करून एका खणात टाकतो, मग हातातली सोंगटी त्याच क्रमाने लावली की थेट तो खण उघडतो. तुमची सहा अक्षरं लावली की ए-आय-एन-पी-एस-टी. त्या खणात चार जण आहेत: पेंट्स, पॅटिन्स, पिंटाज आणि टिझान. शेवटचा लिहायचा पी-टी-आय-एस-ए-एन, आणि त्यातला पी मुका. अर्थ काय, तर पथ्याचं जवाचं पाणी.

अवांतर: कॉलिन्सच्या स्क्रॅबल यादीत पेशवाही आहे, आणि पी-ई-आय अशा जुन्या धाटणीच्या स्पेलिंगनेही आहे. अजून पटावर बसवता आलेला नाही. बसवीन तेव्हा पेढे वाटीन.

उगाच

पाचही स्वर असलेला इंग्रजी शब्द कोणता? एज्युकेशन! सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पान एक. मी कुठे प्रतिसाद द्यायला आलोय कळलं ना.

दुहेरी_शब्दगुण

@उगाच, मग पुढचा घ्या. पाचही स्वर, आणि ए-ई-आय-ओ-यू याच क्रमाने. फेसिशस. लिहून बघा.

न्यूजर्सीची_काकू

खडूफळा, तू जे मागतेयस तोच आमच्याकडे रोज सकाळचा चहाबरोबरचा खेळ आहे गं. न्यूयॉर्क टाइम्सचं स्पेलिंग बी. सात अक्षरं मधमाशीच्या पोळ्यासारखी मांडलेली, त्यांच्यातच शब्द करायचे, अक्षर पुन्हा वापरलं तरी चालतं. पण शब्द किमान चार अक्षरी हवा आणि मधलं अक्षर त्यात हवंच. सातही वापरली की त्याला पॅनग्राम म्हणतात. लेक आणि मी एकमेकींना फोनवर सांगत नाही, फक्त 'झाला?' एवढंच विचारतो.

खडूफळा

तीन दिवसांनी आले आहे, आणि थोडी खजील होऊन.

यादीची प्रिंट काढली, कार्डं केली. पिन, टिन, नॅप मस्त चाललं. स्पिनला तर टाळ्या पडल्या, क्रिकेटमुळे. मग एका मुलाच्या हाती पी-ए-आय-एन-टी आलं. त्याने बोट ठेवत ठेवत वाचलं: प्... ॲ... इ... न्... ट्... 'पॅइन्ट'. मी म्हटलं, चूक. 'पेंट'. त्याने कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा बोट ठेवून तेच वाचलं. आणि बरोबरच होतं त्याचं! मी शिकवलेले पाचही आवाज त्याने चोख लावले होते. चूक माझ्या कार्डाची.

मजा म्हणजे प्रशिक्षणात मिळालेल्या झेरॉक्समध्येही 'सॅटपिन शब्द' म्हणून हा छापलेला आहे. तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शुद्धलेखनवाला

हे होणारच होतं. तुम्ही अक्षरं मागितलीत, कॉम्प्युटरने अक्षरं दिली. तुम्हाला हवे होते आवाज. ए आणि आय शेजारी आले की दोघं मिळून तिसराच आवाज काढतात. गमभनमध्ये ही भानगड नाही, म्हणून आपल्याला सवय नाही.

रकानेवाली

मग चाळणी बारीक करू. ए-आय किंवा आय-ए शेजारी असलेले बाद. पेंट, सेंट, स्टेन, स्पेन, पेन (दुखण्यातला) सगळे गेले. पण 'टायटन' आणि 'पास्ता' अजून आत राहतील. म्हणून सरळ एकच स्वर ठेवा: शब्दाची लांबी घ्या, ए आणि आय पुसून पुन्हा लांबी घ्या, फरक एकचा असेल तरच शब्द पास. आणि शब्दाचं शेवटचं अक्षर स्वर नको, म्हणजे 'स्पा' पण जाईल.

टर्मिनलकर

तरीही निदान दोन चोर आत राहतात. 'इज' आणि 'ॲज'. आय-एस, ए-एस. दोन्ही तुमच्या सहांतलेच, एकच स्वर, शेवटी व्यंजन. चाळणीतून आरामात सुटतात आणि एसचा उच्चार करतात ज. पिन आणि टिनचं अनेकवचन केलं तरी तेच, शेवटी स नाही ऐकू येत. टॅप आणि सिपच्या मागे लागला की मात्र स. यावर नमुना लिहिता येईल (एन नंतर शेवटी एस असेल तर बाद), पण इज आणि ॲज हातानेच काढा.

शुद्धलेखनवाला

बरोबर. आणि इज काढून चालणार नाही, कारण त्याच्याशिवाय वाक्य होत नाही. तो 'हट्टी शब्द' म्हणून वेगळा लावा, रंगीत कार्डावर.

दुहेरी_शब्दगुण

फक्त इंग्रजीलाच का झोडपताय? मराठीत 'जग' लिहा आणि दहा जणांना वाचायला द्या. निम्मे म्हणतील दुनिया, निम्मे म्हणतील पाण्याचा जग. अक्षरं तीच, ज वेगळा. आणि 'गमन' मधला न आपण कुठे पूर्ण म्हणतो?

शुद्धलेखनवाला

मुद्दा मान्य, पण प्रमाण बघा. आपल्याकडे च-ज-झ एवढ्यातच घोळ आहे, आणि तो मूल घरून बोलत आलेलं असतं म्हणून आपोआप सुटतो. 'पेंट' त्या मुलाने घरून आणलेला नाही. (खरं तर भिंतीचा पेंट आणलाय, पण तो त्या पाच अक्षरांशी जोडलेला नाही.)

कोपऱ्यावरचा_केमिस्ट

धागा वाचतोय दोन दिवस. आमचा धंदाच हा आहे: अर्धी अक्षरं दिसतात, बाकीची शोधायची. चिठ्ठीवर सुरुवातीला एच-वाय-डी-आर वाचता येतं, शेवटी झेड-आय-एन-ई वाचता येतं, मध्ये एक लाट. टर्मिनलकरांच्या भाषेत मध्ये तीन टिंबं टाका. दोन औषधं निघतात. हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रॅलाझिन. दोन्ही अकरा अक्षरी, डोकं सारखं, शेपूट सारखं, फरक फक्त मधल्या तिघांचा. पहिलं खाजेवरचं, दुसरं रक्तदाबाचं. इथे शोधून उपयोग नाही, डॉक्टरांना फोनच करावा लागतो. नवीन पोराला कामावर ठेवलं की पहिल्या दिवशी हीच जोडी लिहून देतो.

हायड्रॉक्सिझिनमध्ये एक्स-वाय-झेड ओळीने येतात, हे मात्र बारा वर्षं तो डबा हाताळून मला या धाग्यामुळे दिसलं.

न्यूजर्सीची_काकू

अगं बाई. आजच आमच्या घरातल्या बाटल्या बघते.

उगाच

केमिस्टदादा, तुमचा प्रतिसाद वाचून खाजही सुटली आणि रक्तदाबही वाढला. कुठली गोळी घेऊ?

कोपऱ्यावरचा_केमिस्ट

@उगाच, चिठ्ठी आणा. छापील.

खडूफळा

सगळ्यांना धन्यवाद, वाचनखूण साठवली आहे. नवी यादी केली. एक स्वर, शेवटी व्यंजन, इज-ॲज रंगीत कार्डावर. दीड पानाची यादी अर्ध्या पानावर आली, पण त्यातला प्रत्येक शब्द पोरं बोट ठेवून वाचतात आणि मला एकदाही 'चूक' म्हणावं लागलेलं नाही. 'पॅइन्ट'वाल्याला मी सांगितलं की तू बरोबर होतास, कार्ड चुकीचं होतं. त्याने ते घरी जाऊन सांगितलं. वडील गेटवर भेटले तर म्हणाले, बाईंची चूक काढली म्हणे आमच्याने.

गेल्या आठवड्यात एम आणि डी घातले. मॅप, मॅट, मॅन, डॅम, डिप, सॅड, सँड, डॅम्प, स्टँप. आणि स्टँड! एसटी स्टँड सगळ्यांना माहीत, तो आख्ख्या वर्गाने एकदम वाचला.

आज मधल्या सुट्टीनंतर एक मुलगी बिस्किटाच्या पुड्याचा कागद घडी करून घेऊन आली. मागच्या बाजूला कंपनीचा पत्ता, मुंगीएवढ्या अक्षरात. तिने एका ठिकाणी नख ठेवलं आणि म्हणाली, 'बाई, हे पिन.' खरंच, पिन कोडातला पिन होता. मग नख एक शब्द मागे नेलं. 'डि... स्... ट्. डिस्ट. बाई, डिस्ट म्हणजे काय?'

डी-आय-एस-टी आणि पुढे टिंब. एक लाख बहात्तर हजारांतून चाळलेल्या माझ्या यादीत हा कुठून येणार. म्हटलं, डिस्ट म्हणजे जिल्हा, अर्धाच लिहिलाय. तर म्हणे, 'मग उरलेला कुठाय?'

उरलेल्यात आर आणि सी लागतात. सी पुढच्या गटात आहे: जी, ओ, सी, के. आर त्याच्याही पुढे. रकानेवाली ताई, त्या चार अक्षरांसाठी फॉर्म्युला वाढवून द्याल का? कंस मोजता मोजता मी दोनदा चुकलेय, आणि सोमवारी कार्डं कापायची आहेत.